अर्थिंगच्या क्लिपमागचा इतिहास

मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोत टँकर भरायला लागला की आधी अर्थिंगची क्लिप (टँकरवर साचणारी वीज तारेने जमिनीत सोडणारी), मग पाइप. पेट्रोलियम कायदा १९३४ चा. त्याखालच्या २००२ च्या नियमांतही ही जोडणी सक्तीची आहे. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत टोल्युइनसारखं ज्वालाग्राही द्रावक किंवा थिनर ओतताना काळजी तीच घ्यायची, घेतली जातेच असं नाही. क्लिप लावली की काम झालं, हा समज मात्र सार्वत्रिक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बेंझिनमध्ये कपडे धुताना आगी लागत. १८९३ मध्ये रिख्टर या रसायनशास्त्रज्ञाने त्याचं खापर घर्षणातून साचणाऱ्या स्थिर विजेवर फोडलं आणि बेंझिनमध्येच मॅग्नेशियम ओलिएट हा साबणासारखा पदार्थ मिसळायचा उपाय सुचवला. म्हणजे इलाज जमिनीत नव्हे, द्रवातच शोधला गेला. विमानाच्या इंधनात आजही विजेचा भार लवकर निचरावा म्हणून असंच द्रव्य घालतात.

पेट्रोल, रॉकेल, हेक्झेन, टोल्युइन हे विजेचे फार वाईट वाहक. पाइपातून वाहताना, विशेषतः फिल्टरमधून जाताना, त्यांच्यात भार तयार होतो. टाकीच्या पत्र्यावरचा भार क्लिपमधून लगेच निघून जातो. द्रवाच्या पोटातला काही सेकंद, कधी मिनिटंही रेंगाळतो. वाफ पेटायला पाव मिलिज्यूल ऊर्जेची ठिणगी पुरते, आणि एवढी ठिणगी हाताला जाणवतही नाही. म्हणून सुरुवातीचा वेग सेकंदाला १ मीटरपर्यंतच, पाइपाचं तोंड तळाशी, आणि टाकी भरल्याभरल्या मापाची पट्टी आत सोडायची नाही.

डिसेंबर १९६९ मध्ये तर मार्पेसा, माक्ट्रा आणि काँग हाकोन सातवा या तीन महाकाय तेलवाहू जहाजांत एकाच महिन्यात स्फोट झाले. तिन्हींवर रिकाम्या टाक्या जोरदार फवाऱ्यांनी धुतल्या जात होत्या. संशय गेला तो पाण्याच्या भारित तुषारांवर! त्यानंतर टाक्यांतला प्राणवायू कमी ठेवणारी निष्क्रिय वायूची व्यवस्था मोठ्या तेलवाहू जहाजांवर बंधनकारक झाली.

१७ जुलै २००७ ला अमेरिकेत कॅन्ससमधल्या बार्टन सॉल्व्हन्ट्स या द्रावकांच्या कंपनीत टाकी फुटली. तिथे टाकी, पंप, पाइप सगळ्यांना अर्थिंग होतं. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते टाकीतल्या पातळीमापकाच्या तरंगत्या गोळ्यावर: त्याचा सांधा सैल होता, त्यामुळे तो टाकीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेला होता.

नाशिकच्या कोरड्या थंडीत माणसाच्या अंगावरचा आणि प्लॅस्टिकवरचा भार जास्त टिकतो. अंबडच्या छोट्या शेडमध्ये थिनर प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ओततात, तेव्हा तर क्लिप लावायला धातूच नसतो.