बुलगार्ड की स्टील बंपर? गाडीखाली वाकून बघा

पुण्यात नाना पेठेत गाडीच्या सामानाच्या दुकानात जाऊन "पुढे काहीतरी मजबूत लावायचंय" असं म्हटलं, की काउंटरवर बुलगार्ड येतो. भोसरीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हेच म्हटलं, तर मिस्त्री आधी विचारतो, "दादा, कंपनीचा बंपर ठेवायचाय का काढायचाय?" सगळा फरक त्या एका प्रश्नात आहे. थार किंवा जिम्नी घेतलेले बरेच जण तो प्रश्न न विचारताच पैसे मोजून मोकळे होतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बुलगार्डमध्ये मूळ प्लास्टिकचा बंपर जागेवर राहतो आणि त्याच्या पुढे पाइपची चौकट येते. स्टील बंपरसाठी मूळ बंपर काढावा लागतो. त्या जागी जाड पत्रा कापून, वाकवून, वेल्ड करून केलेला बंपर थेट चासीच्या, म्हणजे गाडीच्या मूळ लोखंडी सांगाड्याच्या, टोकांना आवळतात. पुढून फोटो काढला तर दोन्ही काळे, दोन्ही दणकट. खालून बघितलं तर दोन वेगळ्या वस्तू.

तीन पावसाळ्यांपूर्वी माझ्या थारला बुलगार्ड होता. ताम्हिणीच्या बाजूला एका कच्च्या वाटेवर लाल चिखलात गाडी घसरली आणि पुढून एका दगडाला टेकली. वेग माणूस चालतो तेवढाच. पाइपवर ओरखड्यापलीकडे काही नव्हतं, पण अख्खी चौकट मागे झुकून ग्रिलवर बसली होती आणि तिच्या दाबाने बंपर मधोमध फाटला होता. गोणपाट टाकून गाडीखाली शिरलो, टॉर्च मारला. एवढ्या चौकटीला धरून होत्या दोन पट्ट्या, एकेका पट्टीला दोन बोल्ट. दोन्ही पट्ट्या भोकापाशी दुमडल्या होत्या, आणि एका भोकाची कड फाटून बोल्टचं डोकं तिरकं झालं होतं.

पाइप जाड आहे का, एवढंच मी घेताना बघितलं होतं. धक्का बसतो वरच्या आडव्या पाइपला, आणि पकड असते खाली हातभर अंतरावर. पहारीने दगड उचकटतो तसा तो पाइप पट्टी उचकटतो. पाइप जितका ताठ, तितका सगळा जोर त्या दोन भोकांवर. चांगल्या स्टील बंपरमध्ये पत्र्याच्या मागे जाड प्लेटचे कान असतात, ते चासीच्या तोंडावर सपाट बसतात आणि प्रत्येक बाजूला तीन-चार बोल्ट येतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा कोरलेला असला पाहिजे. आकडाच नसेल तर तो बोल्ट इथे लावू देऊ नका.

यापेक्षाही धोक्याची गल्लत आहे हुकची. शोभेसाठी बुलगार्डवर लाल रंगाचा हुक वेल्ड करून देतात. चिखलात अडकलेली गाडी ओढताना ओढायच्या पट्ट्यावर दोन-तीन टनांचा ताण सहज येतो, आणि असा हुक सुटला तर तो गोळीसारखा जातो. त्याच्या वाटेत उभ्या असलेल्या माणसाला वाचायला वेळच मिळत नाही. ओढण्यासाठीचं कडं चासीला बांधलेल्या प्लेटचाच भाग असलं पाहिजे. ती प्लेट बंपरच्या पत्र्यातून आरपार मागे गेलेली आणि दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेली हवी. त्यात पाऊण इंची डी-शॅकल (पट्टा अडकवायची, पिनने बंद होणारी लोखंडी कडी) बसते, तिच्यावर ४.७५ टन असा, ती किती भार पेलते त्याचा छाप असतो. शॅकल कितीही भारी घेतली तरी कडं पत्र्यावर चिकटवलेलं असेल तर त्या छापाला अर्थ नाही.

आता भावाचं. "हेवी ड्यूटी" या शब्दावर पैसे देऊ नका, वजन विचारा. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड लोखंडी पत्र्याचं वजन ७.८५ किलो भरतं. बंपरला साधारण एक चौरस मीटर पत्रा धरला तर ३ मिमीला साडेतेवीस किलो आणि ५ मिमीला सव्वाएकोणचाळीस किलो. कोणी पाच मिमीचा म्हणून विकत असेल आणि काट्यावर अख्खा बंपर पंचवीस किलो भरत असेल, तर हिशेब तिथेच कळतो. भवानी पेठेत त्या दिवसाचा पत्र्याचा दर विचारून ठेवा. तो या वजनाला लावला की माल कितीचा हे समजतं. वरचे पैसे कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग आणि पावडर कोटिंगचे. चांगल्या वेल्डिंगचे पैसे मी आनंदाने देईन, स्टिकरचे नाही. शक्य असेल तर कोटिंगआधी बंपर बघायला जा. वेल्ड सलग आहे की मध्येमध्ये नुसते टाके मारलेत, हे रंग चढल्यावर दिसत नाही.

जास्त जाड म्हणजे जास्त चांगला, हेही खरं नाही. पुढच्या चाकांच्याही पुढे टांगलेलं वजन स्प्रिंग दाबतं. माझ्या मते पत्रा ३ मिमी पुरे, जाडी कानांच्या प्लेटमध्ये असू द्या. थारचा पुढून चढण्याचा कोन, म्हणजे बंपर न टेकता जेवढ्या तीव्र चढाला चाक लागू शकतं तो, ४१.८ अंश आहे. बुलगार्डचा खालचा पाइप तो कोन खातो. नीट केलेला स्टील बंपर कडेला वर उचललेला असतो, त्यामुळे चाक आधी दगडाला लागतं.

आणि आता जी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही ती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बुलगार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालणार नाहीत असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. स्टील बंपर यातून आपोआप सुटत नाही. म्हणून आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारा.

या नियमामागचं कारण मला मनापासून पटतं. मूळ बंपर आणि त्यामागचे भाग चेपण्यासाठीच केलेले असतात. एअरबॅग कधी उघडायची हे गाडी किती झटक्यात थांबते त्यावर ठरतं, आणि पुढे ताठ लोखंड आलं की तो हिशेब बिघडतो. सिंहगड रोडवर रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांना प्लास्टिकचा बंपर लागणं आणि पाइप लागणं यात पाय मोडणं आणि जीव जाणं एवढा फरक पडू शकतो.

त्यामुळे रोज हिंजवडीला जाणाऱ्या आणि वर्षातून दोनदा वेल्ह्याकडे वळणाऱ्या गाडीला मी दोन्ही लावणार नाही. मूळ बंपर आणि कंपनीने दिलेला ओढायचा हुक तिला पुरतो. खासगी ट्रॅकवर दर महिन्याला उतरणारी गाडी असेल तर स्टील बंपर, तोही त्याच दिवसापुरता. माझा मूळ बंपर गोधडीत गुंडाळून माळ्यावर असतो, बोल्ट एका डब्यात. दोन माणसं आणि एक सॉकेट सेट असला की तासाभरात तो परत गाडीवर चढतो.