सीसी वाढवली, पण हवा कुठून आणायची?

मे महिन्यातली दुपार. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका बोअरिंगच्या, म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलिंडर कापून किंचित मोठे करण्याच्या शेडमध्ये मारुती ८०० चा उघडा ब्लॉक मशीनवर चढवलेला होता. कारागीर आबांनी माझं बोट धरून सिलिंडरच्या तोंडाशी आतून फिरवलं. वरच्या काठाच्या जरा खाली नख अडकलं. "ही पायरी. पिस्टनवरची रिंग इथवर येते आणि परत फिरते. दाब इथं सगळ्यात जास्त, ऑइल सगळ्यात कमी. म्हणून झीज इथंच." मशीनवरच्या पोरानं विचारलं, "आबा, कितला?"

"पन्नास."

पन्नास म्हणजे ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइजचा, मूळ मापाहून तेवढा मोठा पिस्टन. गाडीचा मालक कॉलेजातला मुलगा, शेजारीच उभा. त्याचे डोळे चमकले. "म्हणजे सीसी वाढणार ना, आबा?"

वाढणार. सीसी म्हणजे पिस्टन वरून खाली जाताना सगळ्या सिलिंडरांत मिळून जेवढी जागा होते ती, घनसेंटिमीटरमध्ये. किती वाढणार, ते तिथंच मोबाइलवर काढून पाहिलं. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८.५ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७२; सिलिंडर तीन. वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक गुणिले तीन केलं की ७९६ सीसी येतात. बोअर ६९ झाला की ८०८. तिन्ही सिलिंडर मिळून १२ सीसी, म्हणजे चहाचे दोन-अडीच चमचे. दीड टक्का.

बोअरचा गुणाकार वर्गानं होतो, म्हणून १ मिलिमीटर बोअर वाढवला तर इथं २३ सीसी मिळतात आणि १ मिलिमीटर स्ट्रोक वाढवला तर फक्त ११. मग बोअरच वाढवत का नाही न्यायचा? कारण सिलिंडरची भिंत. तिच्यामागे इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळतं. भिंत पातळ झाली की ती उष्णतेनं वाकडी होते, रिंग नीट टेकत नाही, आणि शेवटी तडा जातो. ओतकामात भिंत सगळीकडे सारखी जाड असतेच असंही नाही. जाणते कारागीर म्हणूनच जपून कापतात.

स्ट्रोक वाढवायचा तर क्रँकच, म्हणजे पिस्टनला वर-खाली नेणारा फिरता दांडाच, वेगळा हवा. तो ४ मिलिमीटरनं वाढला, तर पिस्टन वर २ मिलिमीटर जास्त येणार आणि हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, धडकणार. म्हणून रॉड जोडायची पिन वर घेतलेला पिस्टन किंवा पिस्टन आणि क्रँक जोडणारा रॉडच आखूड शोधावा लागतो. पिस्टनचा वेगही वाढतो. ७२ च्या स्ट्रोकला ५००० आरपीएमवर तो सरासरी सेकंदाला १२ मीटर असतो. स्ट्रोक ८२ केला तर पावणेचौदा.

पण माझ्या मते खरी गोष्ट पुढेच आहे. सीसी हे भांड्याचं माप आहे. ताकद येते भांड्यात भरलेल्या हवेतून, कारण १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. टर्बो नसलेल्या इंजिनात ही हवा दाबून भरणारं कुणी नसतं. पिस्टन खाली जाऊन जागा करतो, आणि बाहेरचं वातावरण आपल्या दाबानं हवा आत ढकलतं. बस, एवढंच बळ.

आता आपल्या खानदेशची हवा बघा. जानेवारीतल्या पहाटेचे १० अंश म्हणजे २८३ केल्विन, मेमधल्या दुपारचे ४५ अंश म्हणजे ३१८. भागाकार ०.८९. दाब तोच असला तर हवा याच प्रमाणात विरळ होते, म्हणजे तेवढ्याच भांड्यात ११ टक्के हवा कमी! ताकद तेवढी पडत नाही, कारण थंड हवाही मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांतून, जाताना तापतेच. इंजिनाच्या चाचणीत वापरतात तो, या भागाकाराचं वर्गमूळ घेण्याचा नियम लावला, तर ताकदीतली घट पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येते. ७९६ चे तेवढे टक्के म्हणजे ४५ सीसी. बोअरिंगनं दिले १२, उन्हानं नेले ४५. शहाद्याहून तोरणमाळ चढलात तर आणखी मार बसतो: हजार मीटर चढलं की हवेचा दाब साधारण ११ टक्क्यांनी उतरतो.

भांडं मोठं केलं आणि व्हॉल्व्ह तेच ठेवले, तर हंडा मोठा आणि नरसाळं जुनंच, अशी गत होते. कमी आरपीएमला ओढ वाढते, ते खरंच. पण वर जाताना इंजिनाचा श्वास लवकर अडतो. म्हणून हेडचं काम, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम आणि पेट्रोलचं माप ठरवणारे कार्बोरेटरचे जेट यांचा विचार सोबतच करावा लागतो. शिवाय हेडमधली जागा तेवढीच राहिली की कॉम्प्रेशन, म्हणजे हवा-पेट्रोल दाबलं जाण्याचं प्रमाण, वाढतं. दीड टक्क्याला त्याचं काही वाटत नाही, पण मोठा स्ट्रोक घेऊन भर उन्हात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना इंजिन नॉकिंग करू लागलं, म्हणजे आतलं मिश्रण अवेळी आपोआप पेटून ठोके देऊ लागलं, तर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट त्या मुलाला सांगितली. आरसी बुकावर सीसी लिहिलेली असते, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे त्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. झीज काढण्यापुरतं बोअरिंग ही दुरुस्ती. मोठा क्रँक घालून भलतंच इंजिन करणं वेगळं.

कापून झाल्यावरचं शेवटचं घासकाम, होनिंग, झालं तेव्हा सिलिंडरच्या आत तिरप्या रेघांची जाळी उमटली होती. टॉर्च धरली की ती चमकायची. त्याच रेघांत ऑइल धरून राहतं. मुलानं पन्नासचाच पिस्टन बसवला. क्रँकसाठी साठवलेल्या पैशांतून त्यानं हेडचे व्हॉल्व्ह घासून नीट बसवून घेतले, आणि एअर फिल्टरचं तोंड बोनेटमधल्या गरम हवेतून काढून जाड नळीनं पुढे ग्रीलमागे नेलं.