मुलाखतीतला चेहरा मीम कसा होतो?

8 मे 2006 रोजी बीबीसीच्या वृत्तवाहिनीवर संगीतविक्रीशी संबंधित एका न्यायालयीन निकालावर चर्चा होणार होती. मात्र नावांच्या गोंधळामुळे, नोकरीच्या मुलाखतीसाठी स्वागतकक्षात बसलेल्या एका गृहस्थालाच तज्ज्ञ समजून स्टुडिओत नेण्यात आले. निवेदिकेने तंत्रज्ञानाचे जाणकार म्हणून ओळख करून देताच त्याचे डोळे विस्फारले, तोंड उघडून मिटले आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःला सावरून तो सभ्यपणे उत्तरे देऊ लागला. ते दोन-तीन सेकंद आज तयारी नसताना प्रसंगात सापडलेल्या कोणाचीही प्रतिक्रिया म्हणून, म्हणजेच मीम म्हणून, समाजमाध्यमांवर पाठवले जातात.

एकाचा भाव इतक्यांना कसा लागू पडतो, याचे उत्तर आपण चेहरा कसा वाचतो यात आहे. हिलेल अविएझर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, गुण जिंकलेल्या आणि गमावलेल्या टेनिसपटूंची छायाचित्रे लोकांना दाखवली. नुसता चेहरा पाहून जिंकणारा कोण आणि हरणारा कोण हे सांगता येईना. नुसते शरीर पाहून मात्र सांगता आले. पुढे जिंकणाऱ्याचा चेहरा हरणाऱ्याच्या धडावर बसवला, तेव्हा पाहणाऱ्यांनी धडावरूनच भावना ठरवली. क्लिप कापताना आधीचा प्रश्न, विषय आणि प्रसंग गळून पडतात, आणि प्रयोगात धडाने केलेले काम आता चित्रावर लिहिलेली ओळ करते.

गंभीर मुलाखतीच यासाठी अधिक उपयोगी पडतात, असे मला वाटते, कारण विनोदी नट आपल्या भावाचा अर्थ स्वतःच ठरवून देतो, तर मनापासून बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर अर्धवट, क्षणात सरणारे भाव उमटत राहतात आणि त्यांना कोणताही संदर्भ चिकटवता येतो.

हसू येण्याचे कारण वेगळे आहे. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या संशोधकांनी 2010 मध्ये मांडल्याप्रमाणे, काहीतरी बिघडले आहे आणि तरीही त्यात धोका नाही, असे एकाच वेळी वाटले की माणूस हसतो. ही निर्धोकता बहुधा त्या प्रसंगापासून आपण दूर असण्यातून येते, आणि इथेच मला काळजी वाटते. त्याच वर्षी अमेरिकेतील हंट्सव्हिल शहरात घरात घुसलेल्या इसमाने एका तरुणीवर हल्ला केला आणि तिचा भाऊ स्थानिक वाहिनीशी संतापून बोलला. संगीतकारांच्या एका गटाने ऑटोट्यून हे आवाजाला सुरात बसवणारे सॉफ्टवेअर वापरून त्याच्या बोलण्याचे गाणे केले आणि ते अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या, बिलबोर्डच्या 'हॉट 100' यादीत पोहोचले. बोललेली ओळ पुन्हा पुन्हा ऐकवली की ती गायल्यासारखी भासू लागते, हे मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांनी आधीच दाखवून दिले होते. इथे तर तिला सूरही लावलेले होते. ज्या ओळींवर लोक ठेका धरत होते, त्या मूळ बातमीत बायकामुलांना सांभाळा, असा शेजाऱ्यांना दिलेला इशारा होत्या.