भारतीय अजगर : वर्गीकरण व नामकरण

पायथॉनिडी कुलातील बिनविषारी सर्प. शास्त्रीय नाव पायथॉन मोलुरस. पुष्कळ ठिकाणी पायथॉन मोलुरस मोलुरस असे त्रिपदी (वंश, जात व उपजात दाखविणारे) नाव आढळते. वर्णन व सवयींसाठी ‘अजगर’ ही नोंद पाहावी.

लिनीअस यांनी १७५८ मध्ये ‘सिस्टिमा नॅच्युरी’च्या दहाव्या आवृत्तीत याला कोल्यूबर मोलुरस हे नाव दिले. शेपटीखालचे शल्क (खवले) एकेरी असल्यास बोआ आणि जोडीने असल्यास कोल्यूबर, अशी त्यांची ढोबळ विभागणी होती. अजगराच्या शेपटीखाली बहुतेक शल्क जोडीने असल्याने हा अवाढव्य सर्प धामणीच्या पंगतीत जाऊन बसला. स्थळाचा उल्लेख ‘इंडीज’ एवढाच असल्यामुळे मूळ नमुना नेमका कोठला, हे त्यावरून ठरत नाही. पायथॉन हा वंश दोदँ यांनी १८०३ मध्ये स्थापिला.

खरा वाद उपजातींचा आहे. हाइन्रिख कूल यांनी १८२० मध्ये ब्रह्मी अजगरास (बर्मीज पायथॉन) पायथॉन बिव्हिटॅटस हे नाव दिले. विसाव्या शतकातील बहुतेक याद्यांनी मात्र त्याला मोलुरसची उपजात मानले, आणि त्यामुळेच भारतीय अजगराच्या नावास तिसरे पद चिकटले. भेद मुख्यतः डोक्यावर दिसतो. भारतीय अजगरात वरच्या ओठाचा एखादा शल्क थेट डोळ्याला भिडतो. ब्रह्मी अजगरात डोळा व ओठ यांच्यामध्ये लहान शल्कांची ओळ येते. माथ्यावरील भाल्याच्या पात्यासारखी खूण भारतीय अजगरात मुस्कटाकडे फिकट होत जाते, ब्रह्मी अजगरात ती ठसठशीत राहते. देरानियागला यांनी १९४५ मध्ये श्रीलंकेतील अजगरांसाठी पिंबुरा ही उपजात सुचविली. तिचा आधार प्रामुख्याने शेपटीखालील शल्कसंख्या हा होता. ही संख्या मुख्य भूमीवरील अजगरांशी जुळत असल्याचे कॉन्स्टेबल यांनी १९४९ मध्ये दाखविल्यावर ती बहुतेकांनी सोडून दिली.

जेकब्ज, ऑलिया व ब्यॉमे यांनी २००९ मध्ये ब्रह्मी अजगरास पुन्हा स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. बंदिवासात दोघांचा संकर होतो, हा आक्षेप शिल्लक राहतो. फ्लॉरिडात मोकाट झालेल्या ब्रह्मी अजगरांपैकी काहींमध्ये भारतीय अजगराचा मातृवंशीय जनुकीय अंश २०१८ च्या अभ्यासात आढळला. तथापि मिश्रणाने जातिभेद पुसला जातोच असे नाही. प्रस्तुत नोंदीत २००९ चे मत ग्राह्य धरले आहे. ते मानले आणि पिंबुराही वगळली, तर भेद दाखविण्याजोगी दुसरी उपजात उरत नाही व तिसरे पद निरर्थक ठरते.

तरीही ते टिकून आहे, याचे कारण कायदेशीर दिसते. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइटीस’ करारात पायथॉन मोलुरस मोलुरस हेच नाव परिशिष्ट १ मध्ये असून ब्रह्मी अजगर परिशिष्ट २ मध्ये येतो. कातड्याचा व्यापार रोखायचा की परवान्याने चालू द्यायचा, हे अशा रीतीने एका पदावर ठरते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे अजगर पहिल्या अनुसूचीत आहे.

नागपूरच्या आसपास पेंच, नवेगाव-नागझिरा व ताडोबा येथील जंगलांत अजगर आढळतो. ब्रह्मी अजगर भारतात मुख्यतः ईशान्येकडे असल्याने येथे जातिनिश्चितीचा प्रश्न सहसा येत नाही. घोळ होतो तो विषारी घोणशीशी, जिला विदर्भात परड म्हणतात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या कड्यांच्या तीन रांगा असून डोके बारीक खवल्यांनी भरलेले असते. अजगराचे ठिपके वेडेवाकडे व चौकोनाकडे झुकणारे असतात, मुस्कटावर मोठे शल्क व ओठांच्या कडेला उष्णतासंवेदी खाचा असतात. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस असलेले नखासारखे काटे, म्हणजे मागील पायांचे अवशेष, घोणशीत नसतात.