नासिका तुषारक

(नाकाचा फवारा, नेझल स्प्रे). औषधाचा द्रव बारीक तुषारांच्या रूपाने नाकपुडीत सोडणारे उपकरण. बोलीत ‘स्प्रे’ हा शब्द बाटली आणि आतले औषध या दोहोंसाठी चालतो, आणि त्यात तथ्य आहे. पंप किंवा तोटी बदलली की तुषारांचा आकार बदलतो आणि तेच औषध नाकात वेगळ्या जागी बसते. म्हणून औषध-नियंत्रक संस्था पंपाचीही तपासणी औषधाबरोबरच करतात.

पूर्वेतिहास : नाकावाटे औषध देण्याची पद्धत भारतात फार जुनी आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात (साधारण इ. स. सातवे शतक, काही अभ्यासक थोडा आधीचा काळ मानतात) सूत्रस्थानाचा विसावा अध्याय नस्यासाठी (नाकात औषध घालण्याच्या विधीसाठी) दिला असून ‘नासा हि शिरसो द्वारम्’ हे वचन तेथलेच. तर्जनी दोन पेरांपर्यंत औषधात बुडवून वर काढली असता गळेल तो एक बिंदू, असे माप त्यात दिले असून मर्श (मोठ्या मात्रेच्या) नस्याची मात्रा दहा, आठ किंवा सहा बिंदू अशी सांगितली आहे. मात्रा मोजूनच द्यावी हा आग्रह येथे स्पष्ट दिसतो. द्रव औषध नळीने किंवा कापसाच्या बोळ्याने सोडीत. विरेचक (डोक्यातील दोष बाहेर काढणारे) चूर्ण मात्र सहा अंगुळे लांबीच्या, दोन्ही टोकांना उघड्या नळीत भरून तोंडाने फुंकीत. याला ध्मान म्हणत. ही नळी आजच्या स्प्रेचा पूर्वज होय, असे काही लेखक मानतात. ते स्वीकारणे कठीण आहे, कारण द्रवाचे तुषार करण्याची कल्पना तीत नाही. कोरडी भुकटी नाकात सोडणाऱ्या उपकरणांशी तिचे साम्य अधिक जवळचे आहे.

तुषारकाचा उगम एकोणिसाव्या शतकातील यूरोपात शोधावा लागतो. श्रेय कोणाचे याबद्दल एकमत नाही. अमेरिकी संदर्भग्रंथ बहुधा ओहायोतील टोलीडोचे डॉक्टर ॲलन डीव्हिल्बिस यांचे नाव देतात (१८८७ किंवा १८८८). परंतु पॅरिसमध्ये साल-जिराँ यांनी १८५८च्या सुमारास औषधी पाण्याचे तुषार करणारे यंत्र दाखवले होते. १८६०च्या दशकात बर्गसन यांच्या काटकोनात जोडलेल्या दोन काचनळ्या प्रचारात आल्या. आडव्या नळीतून हवा जोराने गेली की उभ्या नळीच्या तोंडाशी दाब उतरतो, द्रव वर चढतो आणि फुटून तुषार होतात. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी १८६६मध्ये शस्त्रक्रियेची जागा बधिर करण्यासाठी ईथरचा फवारा वापरला, त्यातही तत्त्व हेच होते. ही साधने पाहता डीव्हिल्बिस यांना शोधकापेक्षा, नाक-घशासाठी रबरी फुग्याचे सोयीचे उपकरण घडवणारे म्हणणे अधिक योग्य वाटते.

नाकाची रचना आणि तुषार : नाकपुडीच्या कडेपासून साधारण दीड ते दोन सेंमी. आत नाकाची सर्वांत अरुंद जागा, म्हणजे नासाझडप, असते. फवाऱ्याचा मोठा भाग तिच्या पुढेच अडकतो, आणि तेथून तो ओघळून बाहेर येतो किंवा पुसला जातो. औषधाला पोचायचे असते ते झडपेमागच्या नासाशंखांवर (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील वळणदार उंचवट्यांवर). सुमारे १० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान थेंब श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊ शकतात. फार मोठे थेंब दारातच आदळतात. म्हणून पंपाचे तुषार बहुधा ३० ते १२० मायक्रॉनांचे ठेवतात. एका नाकपुडीत सुमारे ०·१ ते ०·१५ मिलि.पेक्षा जास्त द्रव राहत नाही, जास्तीचा घशात उतरतो. टिकलेले औषधही स्थिर नसते. श्लेष्मल त्वचेवरील सूक्ष्म केस मिनिटाला काही मिमी. गतीने शेंबडाचा थर मागे ढकलत असतात आणि पंधरा-वीस मिनिटांत औषधाचा बराच भाग वाहून जातो.

पंप : जुन्या दाबाच्या प्लॅस्टिक बाटलीत मात्रा हाताच्या जोरावर अवलंबून असते. शिवाय पकड सैल होताच नाकातला स्राव आत ओढला जाऊन औषध दूषित होते. प्रमापित (दर दाबाला ठरावीक मात्रा सोडणाऱ्या) पंपाने हे दोन्ही दोष बरेच आवरले. त्याच्या मानेत स्प्रिंग, दट्ट्या आणि झडपेची लहान गोळी असते. खाली दाबले की कोठीतले मोजके औषध, बहुधा ०·१ मिलि., तोटीतल्या भोवरा-कक्षात तिरप्या खाचांतून शिरते, गरगरते आणि छिद्रातून पोकळ शंकूसारखे बाहेर पडते. सोडले की स्प्रिंग पुढची मात्रा वर ओढते. नव्या बाटलीचे पहिले एक-दोन दाब कोरडे जातात, नंतर पिचकारीसारखी धार येते आणि मग धुके. हे धुके दिसेपर्यंत पंप हवेत दाबावा लागतो. फ्लुटिकासोन या स्टेरॉइड औषधाच्या बऱ्याच बाटल्यांवर त्यासाठी सहा दाब सांगितलेले असतात. अशी औषधे विरघळलेली नसून कणरूपात तरंगत असतात, म्हणून बाटली हलवावी लागते.

एकमात्र उपकरणे : तातडीच्या औषधांसाठी एकच मात्रा असलेले उपकरण वापरतात. अफूजन्य औषधांच्या विषबाधेवरील नॅलोक्सोनच्या ४ मिग्रॅ. फवाऱ्यास अमेरिकेत २०१५मध्ये मान्यता मिळाली आणि २०२३मध्ये तो चिठ्ठीविना मिळू लागला. असे उपकरण आधी हवेत दाबून पाहू नये. असलेली एकमेव मात्रा त्यात जाते. भारतात मुलांच्या आकडीवर वापरला जाणारा मिडॅझोलॅमचा फवारा पुष्कळदा अनेक मात्रांच्या बाटलीत येतो. त्याचे फवारे मुलाच्या वजनावरून ठरतात आणि बाटली आधी हवेत दाबून चालू करून ठेवावी लागते. आकडी सुरू असताना हा फरक आठवणे अवघड असते, म्हणून घरच्यांना तो औषध देतानाच समजावून सांगायला हवा.

लशी : पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१०मध्ये स्वाइन फ्लूवरील ‘नेझोव्हॅक’ ही नाकावाटे द्यायची लस आणली. ती बिनसुईच्या सिरिंजला तुषारक लावून देत. २०२३च्या जानेवारीत आलेली कोव्हिडवरील ‘इन्कोव्हॅक’ मात्र थेंबांची आहे. वृत्तपत्रांतून तिला स्प्रे म्हटले गेले, ते बरोबर नाही.

वापर : डोके मागे टाकून जोरात हुंगण्याची सवय सर्रास दिसते. कडू चव घशात आली की औषध लागू पडले असे वाटते, प्रत्यक्षात तेवढे औषध नाकातून गेलेले असते. मान किंचित पुढे, तोटीचे टोक नाकाच्या मधल्या पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याकडे धरावे. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरला की हे आपोआप साधते. पडद्यावर सतत फवारा बसल्यास रक्त येते. झायलोमेटाझोलीनसारखे चोंदणे उघडणारे फवारे काही दिवसांहून अधिक वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते. स्टेरॉइड फवाऱ्यांना हे लागू नाही, त्यांचा पूर्ण गुण येण्यास उलट काही दिवस ते आठवडे लागतात. १२० फवाऱ्यांची बाटली त्या संख्येनंतरही थोडे धुके सोडत राहते, परंतु तेव्हा मात्रा पूर्ण असेलच असे नाही.