संत्र्याच्या सालीत दडलंय काय?

वरूड-मोर्शीकडे आंबिया बहाराची संत्री उतरली की पोरं सालीची फोड दिव्याच्या ज्योतीपाशी धरून दुमडतात. बारीक तुषार उडतात, ज्योत तडतडते. पेटतं ते सालीतलं तेल. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं द्रव्य. उरलेल्यात मायर्सीन, लिनालूल, ऑक्टॅनाल, डेकॅनाल आणि बरंच काही.

हे वेगळं करायचं तर नुसतं उकळून भागत नाही. लिमोनीन 176 अंश सेल्सियसला उकळतं आणि मायर्सीन 167च्या आसपास, म्हणजे वाफा एकमेकींत मिसळूनच निघणार. इथे गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणाची वाफ करून त्यातली द्रव्यं एकेक करून वेगळी करायची पद्धत, कामी येते. जेम्स आणि मार्टिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1952 साली ती मांडली.

पातळ केलेलं तेल सुईनं टोचायचं, तेही जेमतेम एक मायक्रोलिटर. सुमारे 250 अंशांवर त्याची क्षणात वाफ होते आणि हेलियम तिला एका नळीत ढकलतो. नळी साधारण 30 मीटर लांब, आतून पाव मिलिमीटर रुंद, भट्टीत वेटोळी करून ठेवलेली. आतल्या भिंतीवर अतिशय पातळ लेप असतो. सगळी खरी गंमत त्या लेपात आहे. वायूत असताना सगळे रेणू सारख्याच वेगानं वाहतात. फरक पडतो तो लेपात किती वेळ मुरतात यानं. आठवडी बाजारातून सगळे सारखेच चालतात, पण दर दुकानाशी थांबणारा मागे पडतो, तसंच.

नळीच्या दुसऱ्या टोकाला बहुधा हायड्रोजनची ज्योत असते. पोरांचा खेळच, फक्त मोजमापासह: कार्बनी रेणू जळताना विद्युतभारित कण तयार होतात, इवलासा प्रवाह वाहतो आणि आलेखावर शिखर उमटतं. शिखराच्या क्षेत्रफळावरून प्रमाण कळतं, बाहेर पडायच्या वेळेवरून ओळख.

ओळखीचं मात्र जपून. शुद्ध डेकॅनाल त्याच नळीतून, त्याच तापमानाला सोडून वेळ जुळली, तरी तेवढ्यानं खात्री होत नाही. दोन द्रव्यं एकाच वेळी बाहेर पडू शकतात. म्हणून पुढे मास स्पेक्ट्रोमीटर जोडतात. तो इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानं रेणू फोडतो आणि तुकड्यांचा नमुना माहीत असलेल्या नमुन्यांशी ताडून पाहता येतो.

मोठं शिखर म्हणजे मोठा वास, असंही नाही. लिमोनीनचं शिखर ताडमाड, पण संत्र्याच्या खास वासात डेकॅनालसारख्या किरकोळ द्रव्यांचा वाटा मोठा. त्यामुळे वासाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत नळीचं टोक दुभागतात: एक फाटा यंत्राकडे, दुसरा माणसाच्या नाकाशी. समोर बसलेला माणूस हुंगत वेळ टिपत जातो, आणि कधीकधी आलेखावर रेघ सपाट असते तिथेही त्याला वास येतो.