डॅशकॅमच्या पोटात काय आहे?

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी माझा मावसभाऊ म्हापशाच्या बाजाराला गेला. सावलीत जागा मिळाली नाही, गाडी तीन तास उन्हात तापली. परत येऊन बघतो तर दोन उन्हाळे काढलेल्या डॅशकॅमचं, म्हणजे काचेमागून रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं, मागचं झाकण फुगून उचललेलं. "दादा, फोर-के बघून घेतला होता रे," तो म्हणाला. फोर-के म्हणजे चित्राचा बारकावा; तो खोक्यावर ठळक छापलेला असतो. आत वीज साठवायला बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर, हे बारीक अक्षरांत. गोव्यात पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

गाडीतून वीज मिळत असताना कॅमेऱ्याला स्वतःचा साठा कशाला? फाइल नीट बंद करायला. एमपी-फोर फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे सर्वात शेवटी लिहिली जाते. धडकेत वीज तुटून ती लिहायची राहिली, तर चित्रण कार्डावर असूनही उघडत नाही. हवा असतो नेमका तोच क्षण हातचा जातो.

लिथियम-आयन बॅटरी ही वीज रासायनिक क्रियेतून देते. उष्णतेने तिच्यातल्या द्रावणाचं विघटन वाढतं, वायू तयार होतात आणि ती फुगते. अशा बहुतेक बॅटऱ्यांची मर्यादा ६० अंशांच्या आसपास. उन्हातल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत तापू शकतो.

सुपरकपॅसिटरची गोष्ट वेगळी, आणि मला फार आवडणारी. सच्छिद्र कार्बनचे दोन थर द्रावणात भिजलेले असतात. व्होल्टेज दिलं की आयन कार्बनच्या पृष्ठभागाशी जाऊन बसतात, अगदी नॅनोमीटरभर अंतरावर. हेल्महोल्ट्झने हा दुहेरी थर १८५३ मध्येच मांडला होता. धारिता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, क्षेत्रफळाच्या सम आणि अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते, हे आपण शाळेत शिकलो. इथे अंतर जवळजवळ शून्य, आणि एका ग्रॅम कार्बनचं पृष्ठफळ १००० चौरस मीटरहून जास्त: घर, अंगण आणि परसातले माड मावतील एवढा प्लॉट! फॅरड हे धारितेचं एकक; इथे मायक्रोफॅरडऐवजी अख्खे फॅरड मिळतात. समजा, २.७ व्होल्ट आणि ५ फॅरडचे दोन सुपरकपॅसिटर एकसर जोडले: ५.४ व्होल्ट, २.५ फॅरड. ऊर्जा म्हणजे ½CV² (C धारिता, V व्होल्टेज). व्होल्टेज ३ पर्यंत उतरेस्तोवर सुमारे २५ ज्यूल मिळतात. ३ वॅटच्या कॅमेऱ्याला आठ सेकंद. फाइल बंद करायला तेवढी पुरे. उष्णतेने सुपरकपॅसिटरचंही आयुष्य घटतं, पण बॅटरीसारखा तो एवढ्यात फुगत नाही.

नवी गाडी आली की आपण पुढे लिंबू-मिरची बांधतो, आरशाला माळ घालतो. लिंबू धडक टाळत नाही, आणि माळ मात्र कॅमेऱ्यासमोर झुलत राहते. ती काढा.

बाकीचं थोडक्यात. पावसातल्या रात्री झुवारी पुलावर समोरच्या हेडलाइटच्या झगमगाटात नंबरप्लेट वाचता येणं फोर-केपेक्षा चांगल्या सेन्सरवर आणि एचडीआरवर (उजेड-अंधार दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवणारी सोय) जास्त अवलंबून असतं. कार्ड सतत पुसून लिहिलं जातं, म्हणून 'हाय एंड्युरन्स' प्रकारचंच घ्या. आणि उभ्या गाडीवर रात्रभर नजर ठेवायची असेल, तर सुपरकपॅसिटर पुरणार नाही. कॅमेरा गाडीच्या बॅटरीला जोडावा लागतो. त्या जोडणीचं किट व्होल्टेज घसरताच वीज तोडणारं असू द्या, नाहीतर सकाळी गाडी सुरूच व्हायची नाही.